नवनाथ शिंदेच्या हातात बांगड्या

सोलापुरात हाडांच्या एका खासगी दवाखान्यात मी एकतीस वर्षं एक्स-रे काढले. आडनाव गायकवाड, पण दवाखान्यात डॉक्टरांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे मला मामाच म्हणत. पेशंट म्हणत 'फोटोवाले'. आमच्याकडे एक्स-रेला एक्स-रे कुणी म्हणत नाही. "हाताचा फोटो काढायचाय" असं म्हणतच माणूस आत येतो. एका आजोबांनी तर टेबलावर चढण्याआधी खिशातून कंगवा काढून मिश्या नीट केल्या होत्या. मी म्हटलं, "आजोबा, कंबरेचा काढायचाय." ते म्हणाले, "असू दे की."

निवृत्त झाल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. कुणाच्या घरी हाडाचं ऑपरेशन झालेलं असतं. टाके काढायला गेले की फोटो, सहा आठवड्यांनी गेले की फोटो, तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. मग संध्याकाळी कुणीतरी पिशवी घेऊन माझ्या दारात येतो आणि म्हणतो, "मामा, दर खेपेला फोटो लागतोच का हो?" पूर्वी असं विचारलं असतं तर मी त्याला पुढे बोलू दिलं नसतं. लागतोच, म्हणून मोकळा झालो असतो. आता मी त्याला आधी बसवतो आणि विचारतो, दुखतंय का? हा फरक माझ्यात कसा पडला ते सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझी एक चूकही सांगावी लागणार आहे.

आधी थोडं कामाबद्दल. हाड मोडलं आणि जागेवर बसेना तर डॉक्टर ते उघडून जुळवतात, त्यावर भोकांची पट्टी ठेवतात आणि स्क्रूंनी आवळतात. लोकांना वाटतं, पट्टी बसली म्हणजे काम झालं. तसं नसतं. पट्टी फक्त धरून ठेवते, हाड आपलं आपण जुळतं आणि त्याला त्याचा वेळ लागतो. तोवर पट्टी हलली नाही ना, स्क्रू मागे सरकले नाहीत ना, हे बघायला फोटो. एक समोरून, एक बाजूनं. काम एवढंच, पण एवढंच नीट करायला मला पाचेक वर्षं लागली.

आमच्या दवाखान्यात एक पद्धत पडून गेली होती. ऑपरेशन झालेला पेशंट तपासणीला आला की खिडकीवरच त्याच्या केसपेपरवर 'एक्स-रे' असा शिक्का बसायचा. डॉक्टरांनी त्याला अजून पाहिलेलंही नसायचं. तो आधी माझ्याकडे यायचा, मग आत जायचा. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत फोटो तयार, म्हणजे वेळ वाचतो. सोमवारी बाहेर शंभर माणसं बसलेली असताना वेळ वाचणं ही काही लहान गोष्ट नव्हती. ही पद्धत बसवण्यात माझाही हात होता आणि मला तिचा अभिमान होता.

लोकांनाही ती आवडायची, हेही सांगितलं पाहिजे. शुक्रवार पेठेतले एक शिंपी होते, मांडीत रॉड घातलेले. हाड जुळून वर्ष झालं तरी महिन्याला येऊन म्हणायचे, "मामा, एक काढून टाका, बरेच दिवस झाले." एकदा त्यांच्या दुकानावरून गेलो तर पश्चिमेच्या खिडकीला काचेऐवजी त्यांच्याच मांडीचे फोटो ओळीनं लावलेले. ऊन अडतं आणि गिऱ्हाइकांशी बोलायला विषय मिळतो, म्हणाले. मला इतकं हसू आलं की त्या फोटोंतला एकही लागत नव्हता, हा विचार तेव्हा मनाला शिवलाच नाही.

माझी स्वतःची एक पद्धत होती, ती बांगड्यांची. नवीन असताना एका बाईच्या मनगटाचा फोटो काढायचा होता. हातात काचेच्या बांगड्या. नियम असा की अंगावर काही नको, नाहीतर फोटोत येतं. हात सुजलेला, बांगड्या निघेनात, साबण लावला तरी निघेनात. मी सिस्टरला सांगून त्या फोडायला लावल्या. बाईचा नवरा त्याच अपघातातून दुसऱ्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता, हे मला माहीत नव्हतं. ती ओरडली नाही की रडली नाही, फक्त त्या काचा गोळा करून पदरात बांधून घेतल्या. नवरा वाचला, दोघं नंतर पेढे घेऊन आली, पण मला तो पेढा गिळवेना. त्या दिवसापासून मी कुठल्याही बाईच्या बांगड्या काढायला लावल्या नाहीत. कोपराकडे वर सरकवायच्या आणि बँडेजच्या पट्टीनं बांधून टाकायच्या. फोटोच्या वरच्या कडेला त्यांच्या फिकट कड्या दिसतात, त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. डॉक्टर सुरुवातीला कुरकुरले, मग त्यांनी नाद सोडला.

निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना दवाखान्यात कॉम्प्युटरचं मशीन आलं. फिल्म गेली, अंधारी खोली गेली, धुण्याचं औषध गेलं. यादीतल्या नावावर बोट ठेवायचं, बटण दाबायचं, फोटो त्या नावाखाली थेट डॉक्टरांच्या पडद्यावर. जुने फोटो मात्र पेशंटांच्या घरी, ट्रंकेत नाहीतर गादीखाली. ते आणायचे असतात हे दहातल्या दोघांनाही आठवायचं नाही.

मशीन येऊन महिना झाला असेल. सोमवार होता. यादीत लागोपाठ दोन नावं होती. पहिलं सुंद्राबाईचं. ती वळसंगकडची, शेरडं-मेंढरं राखणारी, पन्नाशीची बाई. बांधावरून पडून उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता. दुसरं नवनाथ शिंदे. कुर्डुवाडीत रेल्वेच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडे तो फिटर होता, वय चाळीसच्या आत. त्याचाही उजवाच हात, मोडलेली जागाही जवळपास तीच. दोघांच्या हातात सारख्याच सहा भोकांच्या पट्ट्या, आणि दोघांनाही ऑपरेशन होऊन सहा आठवडे झालेले.

मी सुंद्राबाईचं नाव पडद्यावर घेतलं आणि दार उघडून हाक मारली. नवनाथ उठून पुढे आला आणि तिला म्हणाला, "मावशी, माझी गाडी हाय. मी फुडं जाऊ का?"

"जावा की," सुंद्राबाई म्हणाली. "माझी यष्टी काय पळून जात न्हाय."

किती साधी गोष्ट. मला ते बरंच वाटलं. नवनाथला टेबलाशी बसवलं, हात ठेवला, समोरून एक, बाजूनं एक. मग सुंद्राबाईच्या बांगड्या वर बांधल्या आणि तिचे काढले. माणसांची अदलाबदल झाली, पण पडद्यावरचं नाव बदलायचं मी विसरलो. नवनाथचा हात सुंद्राबाईच्या नावावर गेला आणि तिचा त्याच्या नावावर. फिल्मच्या काळात हे माझ्याकडून झालं नसतं, कारण तेव्हा प्रत्येक फिल्मवर नाव मी हातानं लिहायचो आणि लिहिताना माणसाच्या तोंडाकडे बघायचो. पण ही सबब झाली. चूक माझीच.

मोठे डॉक्टर सकाळभर ऑपरेशनमध्ये होते. तपासणीला त्यांच्या हाताखालच्या मॅडम होत्या, हुशार आणि कामाला वाघ. नवनाथ आत गेला. त्याच्या नावाखालचा फोटो झकास होता, पट्टी जागेवर, हाडात भर दिसत होती. मॅडमनी त्याला गुरुवारपासून कामाला जायला हरकत नाही असं सर्टिफिकेट दिलं आणि तो गाडीला पळाला. सुंद्राबाईच्या नावाखाली मात्र पट्टी एका टोकाला हाडापासून उचललेली, दोन स्क्रू मागे आलेले. मॅडमनी तिला थांबवून ठेवलं. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल. बुधवारी ॲडमिट व्हा.

"पर दुखत न्हाय की माझं," ती म्हणाली.

"आता दुखत नसेल. पुढे दुखेल," डॉक्टर म्हणाले. ती मेंढरांची सोय लावायला म्हणून घरी गेली.

बुधवारी सकाळी ती आली. माझ्या खोलीसमोरच्या बाकापाशी उभी होती. बरोबर एक भलंमोठं गाठोडं, त्यात चार दिवसांच्या भाकरी, कपडे, तांब्या. मी दारात उभा होतो आणि तिनं ते गाठोडं उजव्या हातानं उचलून बाकावर ठेवलं. तोंड वाकडं केलं नाही, दुसरा हात लावला नाही. मी एकतीस वर्षांत पट्टी उचललेले हात पुष्कळ पाहिलेत. तसला हात असलेला माणूस पाण्याचा पेला उचलतानासुद्धा ओठ आवळतो.

मी आत गेलो आणि तिचा फोटो उघडला. पट्टी उचललेली होती, स्क्रू मागे आलेले होते. मी वरच्या कडेला पाहिलं. बांगड्या नव्हत्या. सोमवारी मी माझ्या हातांनी त्या बांधल्या होत्या, हिरव्या, बारा-पंधरा तरी. प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कासाराकडे जाऊन भरल्या असं ती मला कौतुकानं सांगत होती. मग खालचं नाव उघडलं. नवनाथ शिंदे. हाड सुरेख जुळत आलेलं, आणि कोपराजवळ बांगड्यांच्या कड्या.

आधी वाटलं, कुणाला न सांगता दोघांचे पुन्हा काढावेत. असं वाटलं हे लिहिताना अजून लाज वाटते. पण दोन वाजता सुंद्राबाईला टेबलावर घेणार होते, आणि तिकडं नवनाथ उद्या सकाळी हातोडा उचलणार होता. उचललेल्या पट्टीवर हातोड्याचे दणके बसले असते तर हाड तिथंच पुन्हा मोडलं असतं, आणि फिटरचा उजवा हात एकदा गेला की त्याचं काम गेलंच.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. "सर, फोटो बदललेत. चूक माझी आहे," म्हटलं आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बांगड्या दाखवल्या. त्यांनी दोन्ही फोटोंवरची नावं पुन्हा वाचली. मला वाटलं आता सगळी नोकरी पाण्यात जाणार. ते एवढंच म्हणाले, "त्या बाईला आत बोलवा, आणि शिंदेला फोन लावा."

सुंद्राबाईचा हात त्यांनी स्वतः दाबून, वळवून पाहिला, मी पुन्हा फोटो काढला, आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं की चूक झाली, ऑपरेशन लागणार नाही, आम्हाला माफ करा. बाई चिडेल अशी मी मनाची तयारी केली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मग जाऊ का मी? दीडची यष्टी घावंल," ती म्हणाली. "दिराच्या हवाली केल्यात मेंढरं. त्येला एक धड राखता येत न्हाय." दारातून माघारी वळून तिनं गाठोड्यातली एक भाकरी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमी जेवला न्हाई वाटतं. तोंड बगा कसं झालंय."

नवनाथचा फोन बंद होता. दहा वेळा लावला, दहाही वेळा बंद. केसपेपरवर पत्ता होता, कुर्डुवाडी स्टेशनच्या मागची वस्ती. मी डॉक्टरांना म्हटलं, मी जातो. दुपारची गाडी मिळाली. बसायला जागा असून मी दारातच उभा होतो.

घरी त्याची बायको होती. ती म्हणाली, ठेकेदाराकडे सर्टिफिकेट दाखवायला गेलेत, आणि माणसं कमी आहेत म्हणून त्यानं आजच बोलावलंय. मी निम्मा चालत, निम्मा पळत शेडपर्यंत गेलो. साठीला आलेला माणूस, दम लागला. आतून लोखंडावर घण पडत होते आणि प्रत्येक दणका मला माझ्या छातीत बसल्यासारखा वाटत होता.

नवनाथ बाहेर चहाच्या टपरीपाशी उभा होता. ग्लास डाव्या हातात होता, उजवा पोटाशी धरलेला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"फोटोवाले मामा? हितं कुटं?" तो म्हणाला.

"कामाला सुरुवात केलीस का?"

"न्हाय अजून. च्या घेऊन निगालो हुतो."

"चहा डाव्या हातानं का पितोयस?"

तो ओशाळला. "उजवा दुखतोय की. रातचं झोप न्हाय."

"मग सोमवारी मॅडमना सांगितलं का नाहीस?"

"सांगणार हुतो. पर त्या आदीच म्हनल्या, फोटो एक नंबर हाय. मग म्हनलं, फोटोत चांगलं हाय म्हंजे आपलंच दुकणं खोटं आसंल."

हे ऐकल्यावर मी टपरीच्या बाकावर बसलो. हा माणूस आपल्या हातापेक्षा माझ्या फोटोवर जास्त विश्वास ठेवून घण उचलायला निघाला होता. आणि आम्ही पण तेच केलं होतं. त्याला दुखत होतं, तिला दुखत नव्हतं, दोघांनाही ते माहीत होतं, आणि सगळ्या दवाखान्यात एकानंही त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझी चूक सोमवारीच दोन मिनिटांत उघडी पडली असती.

त्याला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं निघालो. गाडीत सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तो उजवा हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघायला लागला. दोन थपडा मारल्या असत्या तरी मी खाल्ल्या असत्या. मोहोळ जवळ आल्यावर तो माझ्याकडे वळला.

"म्हंजे माजं दुकणं खरं हुतं."

"खरं होतं रे बाबा."

"मग बायकोला जरा फोन लावून सांगा तेवढं," तो म्हणाला. "दोन दिस झालं म्हनतीया, फोटो चांगला हाय आन तुमी कामचुकारपना करताय. ठेकेदार पण तेच म्हनला." मी माझ्या फोनवरून त्याच्या शेजाऱ्याला लावला, बायकोला बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या मालकाचा हात खरोखर दुखतोय. एखाद्याला दुखतंय ही बातमी मी एवढ्या आनंदानं कधी दिली नव्हती, आणि ऐकणाराही तसा मिळाला नव्हता. नवनाथ शेजारी बसून हसत होता. मलाही हसू आवरेना, समोरची माणसं आमच्याकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन झालं. नवी, लांब पट्टी बसली. दवाखान्यानं त्याच्याकडून त्याचा एक पैसाही घेतला नाही. मी राजीनामा लिहून नेला होता, तो डॉक्टरांनी वाचून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "हा राहू दे इथे. आधी तो शिक्का कुठे आहे तो आणा."

खिडकीवरचा शिक्का त्या दिवशी बंद झाला. पेशंट आधी डॉक्टरांकडे जायला लागला. दुखतंय का, सूज आहे का, बोटं वळतात का, हात दाबून, फिरवून बघायचं, आणि शंका आली तरच फोटो. सोमवारी माझ्यासमोरचा बाक निम्मा रिकामा राहायला लागला. खोटं कशाला सांगू, पहिले काही महिने मला ते अपमानास्पद वाटलं. मी रिकामा बसून जुन्या वह्या चाळायचो. काही तक्रार नसलेल्या माणसाचा फोटो काढला आणि त्यामुळे उपचार बदलले, असं किती वेळा झालं ते आठवायला बसलो, तर दोन्ही हातांची बोटं पुरून उरली. आणि त्या प्रत्येक फोटोसाठी कुणीतरी दिवसाची मजुरी बुडवून, एसटी बदलून, शेरडं दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आलं होतं.

पण जी थोडी बोटं मोजली गेली, ती मी विसरत नाही. शिक्का सुरू व्हायच्या आधीचे एक शिक्षक होते, जुना मधुमेह, पायातली संवेदना गेलेली. घोट्याच्या ऑपरेशननंतर "काहीच त्रास नाही" म्हणत चालत आले. डॉक्टर तरीही म्हणाले, यांचा काढा. फोटोत सगळे स्क्रू तुटलेले होते. ज्याला दुखूच शकत नाही त्याला विचारून काय उपयोग. ठेकेदाराच्या धाकानं किंवा घरच्या अडचणीनं दुखणं लपवणारेही असतात. म्हणून फोटो नकोच असं मी कुणाला सांगत नाही. फोटोच्या आधी कुणीतरी तुमचा हात हातात घेऊन विचारलंय का, एवढंच मी माझ्या दारात आलेल्याला विचारतो. नसेल विचारलं तर तुम्हीच सांगा म्हणतो, आणि फोटो कितीही चांगला आला तरी सांगा.

नवनाथ पाचेक महिन्यांनी शेवटच्या तपासणीला आला होता. डॉक्टरांकडून निघून तो माझ्या खोलीत आला. मी सवयीनं शिशाचा एप्रन घ्यायला उठलो.

"फोटो न्हाय लिवला," तो म्हणाला. "डाक्टर म्हनले गरज न्हाय. तुमाला हात दाखवायला आलोय."

त्यानं उजवा हात पुढे केला. मी तो हातात घेतला. इतकी वर्षं मी लोकांचे हात टेबलावर पालथे-उताणे ठेवत आलो, पण उलटून माझा हात कुणी धरला नव्हता. त्यानं धरला आणि आवळायला लागला, हळूहळू, माझ्या तोंडाकडे बघत. फिटरचा पंजा तो. माझी बोटं कडाकडा वाजली.

"दुखतंय का मामा?" त्यानं विचारलं.

"दुखतंय," मी म्हणालो, आणि त्यानं लगेच सोडलं.